तिकिटातले दहा टक्के: अमेरिकन कॉलेज फुटबॉलच्या बिलाची फोड

सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेतल्या टेनेसी विद्यापीठाने आपल्या सीझन तिकीटधारकांना कळवलं की २०२५ च्या फुटबॉल तिकिटांवर १० टक्के ‘टॅलेंट फी’ लागेल. शिवाय मूळ दरातही सरासरी साडेचार टक्के वाढ. म्हणजे १०० डॉलरचं तिकीट साधारण ११५ डॉलरला. दर दरवर्षीच वाढतात, त्यात नवल नाही. नवल होतं ते या फीच्या नावाचं. ‘खेळाडूंना पैसे द्यायचे आहेत आणि ते तुमच्याकडून घेतोय’ हे बिलावर इतकं स्वच्छ लिहिण्याची तिथे पद्धत नव्हती.

तेव्हापासून एक सोपं समीकरण पसरलं: खेळाडूंना पगार सुरू झाला, म्हणून तिकीट महागलं. हे समीकरण अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं समजायचं तर पैसा येतो कुठून आणि जातो कुठे, हे बघावं लागतं.

आधी खेळाची ओळख. हा फुटबॉल पायाने खेळायचा नाही. हेल्मेट आणि पॅड चढवून, अंडाकृती चेंडू हातात घेऊन धावायचा. शनिवारी कॉलेजांचे सामने, रविवारी एनएफएल या व्यावसायिक लीगचे. शाळा संपून तीन वर्षं झाल्याशिवाय एनएफएल कुणालाही घेत नाही. त्यामुळे अठरा-एकोणीस वर्षांच्या गुणी खेळाडूला कॉलेजच्या संघाशिवाय खऱ्या अर्थाने दुसरा रस्ता नाही. आणि हे कॉलेजचे सामने म्हणजे काही गॅदरिंगमधला कार्यक्रम नव्हे. टेनेसीच्या नॉक्सव्हिलमधल्या नीलंड स्टेडियममध्ये १,०१,९१५ माणसं बसतात. वानखेडेसारखी तीन मैदानं एकात मावतील. स्टेडियम नदीकाठीच आहे, त्यामुळे काही प्रेक्षक थेट बोटीने येतात, बोटी एकमेकींना बांधून धक्क्यावरच जेवणावळी उठवतात. मग आत जाऊन ॲल्युमिनियमच्या बाकावर, रंगवलेल्या दोन आकड्यांच्या मधल्या वीतभर जागेत, साडेतीन तास खेटून बसतात.

या सगळ्यात खेळाडूला काय मिळायचं? शिष्यवृत्ती. फी, पुस्तकं, राहणं, जेवण. याहून जास्त काही घेतलं तर बंदी. हा नियम एनसीएए या कॉलेज क्रीडा संघटनेचा, आणि त्यामागचं तत्त्व ‘हौशी खेळ’. खेळाडू हौशी राहिला, बाकी कुणीच हौशी राहिलं नाही. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एनसीएएची टीव्ही हक्कांवरची मक्तेदारी मोडली आणि कॉलेजांच्या गटांना (त्यांना कॉन्फरन्स म्हणतात) आपापले सामने विकता येऊ लागले. आज टेनेसी ज्या गटात आहे, त्या साउथईस्टर्न कॉन्फरन्समधून प्रत्येक सदस्य विद्यापीठाला वर्षाला सरासरी ५ कोटी डॉलरहून जास्त वाटा मिळतो.

एवढा पैसा आला आणि खेळाडूला द्यायची मुभा नाही, मग तो कुठेतरी मुरणारच. तो प्रशिक्षकांत मुरला आणि इमारतींत मुरला. टेक्सास ए अँड एम विद्यापीठाने २०२३ मध्ये जिम्बो फिशर या प्रशिक्षकाला काढून टाकलं, तेव्हा करार अर्धवट तोडल्याबद्दल त्याचं देणं साडेसात कोटी डॉलरच्या वर गेलं. काम न करण्याचे पैसे! क्लेम्सन विद्यापीठाने २०१७ मध्ये साडेपाच कोटी डॉलरचं फुटबॉल संकुल उभारलं, त्यात एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर यायला घसरगुंडी आहे. खेळाडूला रोख देता येत नव्हतं, घसरगुंडी देता येत होती. तेव्हाही तिकिटं महागतच होती, फक्त ‘घसरगुंडी फी’ असं कुणी बिलावर लिहिलं नाही.

हा बांध दोन टप्प्यांत फुटला. जून २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ऑल्स्टन खटल्यात ९ विरुद्ध ० अशा मताने एनसीएएच्या विरोधात निकाल दिला. तो निकाल फक्त शिक्षणाशी जोडलेल्या लाभांपुरता होता, पण संघटनेचा धीर सुटला आणि १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना आपलं नाव, चेहरा आणि ओळख विकायची परवानगी मिळाली. याला तिथे एनआयएल म्हणतात. कल्पना अशी की खेळाडूने गावातल्या मोटार शोरूमची जाहिरात करावी आणि पैसे घ्यावेत. प्रत्यक्षात श्रीमंत चाहत्यांनी ‘कलेक्टिव्ह’ नावाचे निधी उभे केले आणि जाहिरातीच्या नावाखाली सरळ पगार सुरू झाले. म्हणजे विद्यापीठ पैसे देत नव्हतं, चाहतेच वेगळ्या खिशातून देत होते. त्याच वेळी संघ बदलण्याचे निर्बंधही सैल होत गेले, त्यामुळे दर हिवाळ्यात भरती सुरू झाली.

दुसरा टप्पा म्हणजे खेळाडूंनी एनसीएएविरुद्ध लढवलेल्या हाऊस खटल्यातली तडजोड. न्यायाधीश क्लॉडिया विल्केन यांनी ती ६ जून २०२५ रोजी मंजूर केली. जुन्या खेळाडूंना भरपाई म्हणून दहा वर्षांत सुमारे २८० कोटी डॉलर, आणि १ जुलै २०२५ पासून विद्यापीठांना खेळाडूंना थेट पैसे द्यायची मोकळीक. खटल्याला ज्याचं नाव आहे तो ग्रँट हाऊस हा फुटबॉलपटू नाही, जलतरणपटू आहे. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

आता मुख्य आकडा. थेट पैसे द्यायला मर्यादा आहे: २०२५-२६ साठी प्रत्येक विद्यापीठाला सगळ्या खेळांत मिळून २ कोटी ५ लाख डॉलर. हा आकडा हवेतून काढलेला नाही. मोठ्या कॉन्फरन्समधल्या विद्यापीठांचं तिकिटं, टीव्ही, प्रायोजक वगैरे ठरावीक बाबींचं सरासरी उत्पन्न काढायचं आणि त्याचे २२ टक्के घ्यायचे. ‘सरासरी’ हा शब्द इथे महत्त्वाचा. मर्यादा सगळ्यांना सारखी, मग तुमचं स्टेडियम लाखाचं असो की चाळीस हजारांचं. पुढे ती वर्षाला साधारण ४ टक्क्यांनी वाढत जाते. एवढे पैसे द्यायलाच हवेत अशी सक्ती नाही. पण शेजारचा देत असेल आणि तुम्ही देत नसाल तर तुमचा चांगला खेळाडू जानेवारीत शेजारी दिसतो.

या मर्यादेची वाटणी कशी होते ते एकदा हाताने करून बघू. नव्याने दिलेल्या शिष्यवृत्त्या २५ लाख डॉलरपर्यंत या मर्यादेतच धरल्या जातात. त्या पूर्ण वापरल्या तर रोख वाटायला उरतात १ कोटी ८० लाख. जुन्या खेळाडूंच्या भरपाईत जे प्रमाण ठरलं, तेच अनेक मोठ्या विद्यापीठांनी पुढेही धरलं आहे: फुटबॉलला ७५ टक्के, पुरुषांच्या बास्केटबॉलला १५, महिलांच्या बास्केटबॉलला ५ आणि बाकी सगळ्या खेळांना मिळून ५. म्हणजे फुटबॉलच्या वाट्याला १ कोटी ३५ लाख डॉलर. रुपयांत साधारण ११५ कोटी. २०२५ च्या आयपीएल लिलावात एका संघाची थैली १२० कोटींची होती. एका कॉलेजचा फुटबॉल संघ जवळपास तिथे पोचतो. फरक एवढाच की आयपीएलच्या थैलीत जास्तीत जास्त २५ खेळाडू बसवायचे असतात, इथे १०५.

सरळ भागाकार केला तर डोई १ लाख २८ हजार डॉलर येतात. पण भागाकार सरळ होत नाही. चेंडू फेकणारा क्वार्टरबॅक एकटाच दहा लाखांच्या पुढे घेऊन जाऊ शकतो. मग त्याचं रक्षण करणारे, प्रतिस्पर्ध्याच्या क्वार्टरबॅकवर तुटून पडणारे, अशी उतरंड लागते. शेवटच्या तीसेक पोरांच्या हाती शिष्यवृत्तीखेरीज फारसं काही पडत नाही.

खेळाडूच्या हातात पडलेले पैसेही सगळे त्याचे नसतात. विद्यापीठ त्याला नोकर मानत नाही. कागदोपत्री ते त्याचं नाव आणि चेहरा वापरण्याचा परवाना विकत घेतं. म्हणून पगारासारखा कर कापून येत नाही, पूर्ण रक्कम खात्यात जमा होते. एकोणीस वर्षांचा मुलगा ती बघतो आणि गाडी घेतो. मग कळतं की स्वतंत्र व्यावसायिक म्हणून १५.३ टक्के सामाजिक सुरक्षा आणि मेडिकेअरचा कर आहे, त्यावर केंद्राचा प्राप्तिकर आहे, आणि दोन्हींचे हप्ते एप्रिल, जून, सप्टेंबर आणि जानेवारीच्या १५ तारखेला आगाऊ भरायचे आहेत. शिष्यवृत्तीतला राहण्याजेवणाचा भागही करपात्र असतो. वर एजंटचं कमिशन. एनएफएलमध्ये करारावर एजंटला ३ टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. कॉलेजमध्ये देशभर लागू असा काही लगाम नाही. टेनेसी राज्यात कमाईवर राज्याचा प्राप्तिकर नाही, कॅलिफोर्नियात त्याचा वरचा दर १३.३ टक्के आहे. त्यामुळे दोन विद्यापीठांनी सारखीच रक्कम देऊ केली तरी ती हातात सारखी येत नाही.

जाहिरातींचे पैसे या मर्यादेबाहेर आहेत, आणि पळवाट नेमकी तिथेच आहे. म्हणून ६०० डॉलर किंवा त्याहून मोठा प्रत्येक बाहेरचा करार आता ‘एनआयएल गो’ या पोर्टलवर नोंदवावा लागतो. ते डेलॉइट ही हिशेबतपासणी कंपनी चालवते, आणि देखरेख कॉलेज स्पोर्ट्स कमिशन या नव्या संस्थेची. तपासायच्या गोष्टी तीन. पैसे देणाऱ्याचा विद्यापीठाशी संबंध आहे का? व्यवहाराला खरा धंदेवाईक हेतू आहे का? आणि रक्कम अशा जाहिरातीच्या बाजारभावात बसते का? हॉटेलवाल्याने खेळाडूकडून दोन व्हिडिओ करून घेतले आणि काही हजार दिले, तर अडचण नाही. माजी विद्यार्थ्यांच्या निधीने एका सहीसाठी पाच लाख दिले, तर फाइल अडकते. नियम सुरू होताच पहिला वाद याच कलेक्टिव्हवरून झाला आणि जुलै २०२५ मध्येच कमिशनला आपली भूमिका सैल करावी लागली. गळती तिथून चालूच राहणार, असं आमचं मत.

आता प्रेक्षकाकडे येऊ. सीझन तिकीट म्हणजे घरच्या सात-आठ सामन्यांचा गठ्ठा. त्याचं बिल मोठ्या विद्यापीठांत साधारण असं बनतं. पहिली ओळ तिकिटाची छापील किंमत. दुसरी ओळ देणगीची: चांगली जागा हवी तर क्रीडा निधीला दर खुर्चीमागे ठरावीक रक्कम द्यायची. नाव देणगी, पण ती नाही दिली तर जागा जाते. २०१७ पर्यंत या देणगीच्या ८० टक्के रकमेवर करसवलत मिळायची. २०१८ पासून ती बंद झाली, म्हणजे दर न वाढवताही चाहत्याचा खर्च वाढला. तिसरी ओळ पार्किंगची. चौथी सेवाशुल्काची. आणि आता पाचवी, टॅलेंट फी.

या पाचव्या ओळीतून खेळाडूंचं बिल भागतं का? समजा एखादं विद्यापीठ फुटबॉलची वर्षाला ४ कोटी डॉलरची तिकिटं विकतं. दहा टक्क्यांनी आले ४० लाख. खर्च आहे २ कोटी ५ लाखांचा. म्हणजे पाचवा हिस्साही पुरता भरत नाही. बाकीचं टीव्हीतून, देणगीदारांकडून, स्टेडियममधल्या बिअरमधून, मैदानावर रंगवलेल्या कंपनीच्या बोधचिन्हातून (त्याला २०२४ पासून परवानगी आहे) काढावं लागतं. टेनेसीने नीलंडचं नाव विकलं नाही, उलट ते नाव टिकवण्यासाठीच पायलट या पेट्रोलपंपांच्या कंपनीशी २० वर्षांचा करार केला. नाव न बदलण्याचेही पैसे मिळतात, हे एक नवीनच.

मग तिकीट का महागलं? कारण ते महागू शकत होतं. खुर्च्यांची संख्या ठरलेली आहे, आणि किंमत खर्चावर ठरत नाही, रांगेवर ठरते. ज्या स्टेडियमबाहेर सीझन तिकिटासाठी प्रतीक्षा यादी आहे, तिथे दहा टक्के वाढवले आणि शंभर जणांनी तिकीट सोडलं, तरी त्या जागा भरतात. ज्याची निम्मी बाकं सप्टेंबरमध्येच रिकामी, त्या विद्यापीठालाही मर्यादा तीच आहे, खेळाडूही तेवढेच महाग आहेत. पण त्याने टॅलेंट फी लावली तर उरलेलेही घरी बसतील. पगारामुळेच तिकीट वाढत असतं तर दोन्हीकडे सारखं वाढलं असतं. फी लावायला पगार हे निमित्त झालं, ताकद रांगेने दिली.

स्टेडियमच्या नूतनीकरणातही हाच हिशोब दिसतो. नीलंडची क्षमता पूर्वी १,०२,४५५ होती. स्वस्त बाकं काढून पाठ टेकायच्या खुर्च्या आणि महागडे कक्ष आले की माणसं कमी होतात आणि उत्पन्न वाढतं. वीस वर्षं त्याच बाकावर बसलेल्या निवृत्त मास्तरांना मग दोन पर्याय उरतात: जास्त पैसे भरा, नाहीतर वरच्या मजल्यावर जा.

चाहत्यांची खरी चिडचीड मात्र पैशापेक्षा खेळाडू टिकत नाहीत याची आहे. टेनेसीतच ते दिसलं. नीको इयामालेआव्हा हा क्वार्टरबॅक २०२४ मध्ये संघाला बारा संघांच्या प्लेऑफपर्यंत घेऊन गेला. एप्रिल २०२५ मध्ये मोबदल्यावरून बोलणी फिसकटल्याच्या बातम्या आल्या, तो सरावाला आला नाही आणि दुसऱ्याच दिवशी प्रशिक्षक जॉश हायपल यांनी त्याच्याशिवाय पुढे जाणार असल्याचं जाहीर केलं. तो कॅलिफोर्नियात यूसीएलएला गेला. त्या हिवाळ्यातच यूसीएलएत दाखल झालेला क्वार्टरबॅक जोई अगीलार मग टेनेसीत आला. जवळजवळ अदलाबदलच. टॅलेंट फी लागलेली तिकिटं ज्यांनी घेतली, त्यांचं टॅलेंट हंगाम सुरू होण्याआधीच दुसऱ्या किनाऱ्यावर होतं. खेळाडूला मात्र यात दोष देता येत नाही. साडेसात कोटी घेऊन घरी बसणाऱ्या प्रशिक्षकाला तेव्हा निष्ठा कुणी विचारली नव्हती. करारात ‘मुदतीआधी गेल्यास इतके परत’ अशी कलमं आता येऊ लागली आहेत. संघ बदलण्याची खिडकीही दोनाची एक झाली आहे: २०२६ पासून फक्त जानेवारीत, २ ते १६ तारखेपर्यंत. एप्रिलमधला असा तमाशा त्यामुळे कमी होईल.

यात सगळ्यात जास्त मार खाल्ला तो तिकीट न विकणाऱ्या खेळांनी. पोहणं, टेनिस, मैदानी खेळ हे सगळे फुटबॉलच्या पैशावर चालतात. फुटबॉलचा पैसा फुटबॉलपटूंना जाऊ लागला की तिथे कात्री लागते. कॅलिफोर्नियातल्या कॅल पॉलीने मार्च २०२५ मध्ये आपला पोहण्याचा आणि डायव्हिंगचा संघ बंद केला, तडजोडीच्या आर्थिक ओझ्याचं कारण देऊन. जलतरणपटूच्या नावाच्या खटल्याने जलतरण बुडवलं.

महाराष्ट्रातून दरवर्षी खूप मुलं अशाच मोठ्या विद्यापीठांत एमएस करायला जातात, आणि पहिल्या सप्टेंबरमध्ये त्यांना हा शनिवार गाठतो. त्यांच्यासाठी चार गोष्टी. विद्यार्थ्यांचं तिकीट वेगळं आणि बरंच स्वस्त असतं, पण अनेक ठिकाणी ते ओळखपत्राशी जोडलेलं असतं. आई-बाबा आले आहेत म्हणून मित्राचं विद्यार्थी तिकीट त्यांच्या फोनवर घेतलं, तर गेटवर अडवतात. फरक भरून ते साध्या तिकिटात बदलता येतं का, हे तिकीट खिडकीवर आधीच विचारावं. फक्त अनुभव घ्यायचा असेल तर कडव्या प्रतिस्पर्ध्याचा सामना सोडा. हंगामाच्या सुरुवातीला मोठी विद्यापीठं लहान कॉलेजांना पैसे देऊन हरायला बोलावतात. सीझन तिकीटवाल्यांना ते सामने गठ्ठ्यात घ्यावेच लागतात आणि मग ते पुनर्विक्रीत पडेल भावाने काढतात. सामन्याच्या आदल्या दिवशी बघावं. १२ मे २०२५ पासून तिकीट विक्रेत्यांना सगळी शुल्कं धरूनच किंमत दाखवावी लागते, त्यामुळे शेवटच्या पानावर आकडा फुगण्याचा जुना त्रास कमी झाला आहे.

एफ-१ व्हिसावरच्या खेळाडूंची मात्र पंचाईत आहे. विद्यार्थी व्हिसावर बाहेरची कमाई करायला बंधनं आहेत, त्यामुळे शेजारच्या लॉकरमधला अमेरिकन सहकारी जाहिरातीचे पैसे घेतो आणि परदेशी खेळाडूला वकिलाला विचारल्याशिवाय सहीसुद्धा विकता येत नाही.

आणि पिशवीचं विसरू नका. बहुतेक मोठ्या स्टेडियममध्ये पारदर्शकच पिशवी चालते, १२ बाय ६ बाय १२ इंचांपर्यंतची. हातात मावेल एवढं साडेचार बाय साडेसहा इंचांचं पाकीट सोडलं तर बाकी काही आत जात नाही. आईची खांद्याला लावायची पर्स गाडीत ठेवायला परत जावं लागतं, आणि स्वस्त पार्किंग नेहमी मैलभर लांब असतं.